‘किती कमी झालं?’ : डाएटच्या गप्पांवर संशोधन काय सांगतं

या वेळचा विषय माझ्या पीएच.डी.चा नाही, हे आधीच सांगून टाकते. मी जीवरसायनातली. हा विषय मानसशास्त्र, मानववंशशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य यांच्या मधल्या बांधावरचा. पण सेटची तयारी करणाऱ्या आमच्या पालघरच्या एका मुलीने मला विचारलं, “ताई, आमच्या ग्रुपमध्ये डाएटशिवाय दुसरं बोलणंच होत नाही आता. भेटायला जावंसं वाटत नाही. मी काय करू? आणि यावर कोणी रिसर्च केलाय का?”

दुसरा प्रश्न ऐकून मला बरं वाटलं. रिसर्च झालेला आहे, बराच झालेला आहे, आणि तो नीट वाचला तर पहिल्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर त्यातच मिळतं. उरलेलं अर्धं मिळत नाही. ते का मिळत नाही, हे तुमच्यासारख्या संशोधनात पाऊल ठेवणाऱ्यांनी समजून घेण्यासारखं आहे.

आधी परिस्थिती. पालघर-बोईसर पट्ट्यात एम.एस्सी. झालेल्या पुष्कळ मुली तारापूर एमआयडीसीतल्या कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलला लागतात. काही डहाणू लोकल पकडून विरारच्या पुढे जातात. कॉलेजात असताना वडापाव अर्धा अर्धा करणारा ग्रुप नोकरी लागल्यावर महिन्यातून एकदा भेटतो, आणि भेटल्यावर पहिलं वाक्य असतं, “अगं, बारीक झालीस!” किंवा मग त्याच्या उलट. पुढचा अर्धा तास कोणी भात सोडला, कोणाचं किती कमी झालं, कोणाचं थांबलंय, चहात साखर की गूळ की काहीच नाही. आमच्या माहीमला थंडीत वाडीवर उकडहंडी लावतात. वालपापडी, कंद, रताळी, सगळं मडक्यात. मी अशी एक उकडहंडी पाहिली आहे, जिथे मडकं उघडायच्या आधी चौघीजणी रताळ्यात कार्ब किती यावर बोलत होत्या, पाचवी डब्यातून काकडी काढून खात होती आणि सहावी, जिच्या घरची ती वाडी होती, ती गप्प बसली होती. मुलगे यातून सुटलेले नाहीत. त्यांच्या गप्पांत भाताऐवजी व्हे प्रोटीन असतं, एवढाच फरक.

महाराष्ट्रात ही गोष्ट घराघरांत पोचली ती २०१८-१९ च्या सुमारास. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत, म्हणजे दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, मध्ये काही खायचं नाही. मूळ मांडणी दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांची. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर. त्यांचं पहिलं पुस्तक २००९ सालचं. थोडं थोडं, थोड्या थोड्या वेळाने खा, स्थानिक खा, हंगामातलं खा, तूप-भाताला घाबरू नका, हे त्यांचं सांगणं. ‘दीक्षित की दिवेकर’ हा प्रश्न तेव्हा हळदीकुंकवापासून ऑफिसच्या कँटीनपर्यंत विचारला जात होता. आत्या दीक्षितवाली, मामी दिवेकरवाली, आणि लग्नाच्या पंगतीत दोघींच्या मध्ये बसलेल्या माणसाचे हाल. व्हॉट्सअॅपवर तर दोन्ही पक्षांचे ग्रुप होते, रोजच्या वजनाच्या आकड्यांसकट.

यातला कोण बरोबर, हे मी इथे ठरवणार नाही. पण मैत्रिणींच्या अनुभवांवरून ते का ठरवता येत नाही, हे मात्र सांगते. त्याच २०१८ च्या फेब्रुवारीत स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाचा ‘डाएटफिट्स’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ६०९ माणसं, दोन गट, चिठ्ठ्या टाकाव्या तशी यादृच्छिक विभागणी. एका गटाने चरबी कमी खायची, दुसऱ्याने कर्बोदकं कमी. वर्षानंतर सरासरी घट किती? एका गटात ५.३ किलो, दुसऱ्यात ६ किलो. संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही. पण खरी गंमत सरासरीत नाही, पसरटपणात आहे. दोन्ही गटांत कोणी तीसेक किलो उतरलं, तर कोणाचं वजन वाढलं. म्हणजे दोन आहारांमधला फरक एक किलोच्या आत, आणि एकच आहार पाळणाऱ्या दोन माणसांमधला फरक त्याच्या कितीतरी पट.

आता ग्रुपमधलं बोलणं आठवा. “मी हे केलं आणि माझं आठ किलो कमी झालं, तू करून बघ.” हे वाक्य खोटं नसतं. पण ते त्या पसरट वितरणातल्या एका बिंदूचं वाक्य असतं. शिवाय ज्यांचं कमी झालं नाही त्या गप्प बसतात, त्यामुळे ग्रुपमध्ये ऐकू येणारं सॅम्पल आधीच एका बाजूला झुकलेलं असतं. तुम्ही उद्या पेपर लिहाल तेव्हा याला निवडीचा पूर्वग्रह म्हणाल. ग्रुपमध्ये याचा अर्थ इतकाच की वाद घालून काही निष्पन्न होणार नाही. दोघींकडे एकेक बिंदू आहे आणि दोघी आपापल्या जागी खऱ्या आहेत.

मग माणसं इतकं बोलतात तरी का? याचं एक उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते ऐकल्यावर मैत्रिणीवरचा राग थोडा उतरतो.

१९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी एक प्रयोग सुरू केला. युद्धामुळे युरोपात उपासमार होती, त्या लोकांना परत नीट खायला कसं घालायचं हे शोधायचं होतं. सैन्यात लढायला तत्त्व म्हणून नकार दिलेल्या तरुणांमधून ३६ निरोगी जण निवडले. पहिले तीन महिने पोटभर अन्न, मग २४ आठवडे जवळपास निम्मं, म्हणजे दिवसाला साधारण १६०० कॅलरी, आणि रोजचं चालणं. त्यांचं वजन सरासरी पाव हिश्शाने उतरलं. हे अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते त्यांच्या वागण्यात दिसलं. ही माणसं अन्नाबद्दलच बोलायला लागली. पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली, ताटातला घास तासभर पुरवून खायला लागली. विनोद आटले, एकमेकांत मिसळणं कमी झालं, मुलींमध्ये रस उरला नाही. १९५० साली ‘द बायॉलॉजी ऑफ ह्यूमन स्टार्व्हेशन’ या दोन खंडांच्या ग्रंथात हे सगळं छापून आलं.

असला प्रयोग आज कुठलीही एथिक्स कमिटी मंजूर करणार नाही. शिवाय सगळे तरुण पुरुष, सगळे अमेरिकन, आणि उपासमार कडक. त्यामुळे ‘डाएट करणारी प्रत्येक मुलगी अशीच होते’ असा निष्कर्ष काढणं चूक. पण एक गोष्ट त्यातून घेता येते. अन्नाचा सतत विचार आणि त्याबद्दल सतत बोलणं हा स्वभावाचा दोष असेलच असं नाही, तो भुकेचा परिणाम असू शकतो. तुमची मैत्रीण सारखी कॅलरी-कॅलरी करते तेव्हा ती कदाचित तुम्हाला शिकवत नसते. तिला भूक लागलेली असते.

दुसरं उत्तर मानववंशशास्त्राकडून येतं. अॅरिझोना विद्यापीठाच्या मिमी निक्टर यांनी शाळकरी मुलींबरोबर तीन वर्षं काम केलं, त्यांचं बोलणं ऐकलं. ‘फॅट टॉक’ हा शब्द १९९४ साली त्यांनी आणि नॅन्सी वुकोविक यांनी वापरात आणला, आणि २००० साली त्याच नावाचं पुस्तक आलं. त्यांना दिसलं ते असं : “मी किती जाडी आहे ना” हे वाक्य म्हणजे वजनाबद्दलची माहिती नसते. तो एक विधी असतो. हे म्हटलं की समोरच्या मुलीने “छे, तू कुठे जाडी?” म्हणायचं असतं, आणि मग स्वतःबद्दल तेच म्हणायचं असतं. ग्रुपमधली आहे हे सिद्ध करायचा तो मार्ग. जी म्हणत नाही ती शिष्ट ठरते. निक्टर यांना असंही दिसलं की आफ्रिकन-अमेरिकन मुलींच्या बोलण्यात हा विधी असा नव्हता. तिथे आपल्याकडे जे आहे ते नीट सजवून, ऐटीत वावरण्यावर भर होता. म्हणजे हा विधी वयाबरोबर आपोआप येत नाही, तो त्या त्या समाजात शिकला जातो. हा शोध मला त्या पुस्तकातला सगळ्यात मोलाचा वाटतो.

पुढे २०११ मध्ये रेचल सॉक आणि रेनी एंगेल्न यांनी कॉलेजच्या मुलींना विचारलं. ९३ टक्के मुलींनी सांगितलं की आम्ही असं बोलतो. निम्म्याहून जास्त जणींना वाटत होतं की असं बोलल्याने बरं वाटतं. पण ज्या जास्त बोलत होत्या, त्याच आपल्या शरीराबद्दल जास्त असमाधानी होत्या.

इथे थांबा. परीक्षेत हमखास विचारतात तो प्रश्न : बोलल्यामुळे असमाधान वाढतं, की असमाधानी असल्यामुळे बोललं जातं? सर्वेक्षणातून हे कळत नाही. म्हणून त्याच दोघींनी पुढच्या वर्षी प्रयोग केला. तीन मुली एका खोलीत मासिकातल्या जाहिराती बघून बोलतात. त्यातल्या दोघी संशोधकांनी आधीच पढवलेल्या, खरी सहभागी एकच. काही वेळा पढवलेली मुलगी स्वतःच्या जाडीबद्दल कुरकुर करते, काही वेळा करत नाही. कुरकुर ऐकलेल्या मुली स्वतः तसं बोलण्याची शक्यता वाढली, आणि बाहेर पडताना शरीराबद्दलचं असमाधान आणि अपराधी भावनाही जास्त आढळली. म्हणजे निदान तेवढ्या वेळापुरती दिशा कळली : ऐकण्याचा परिणाम होतो. गप्पांनंतर घरी येऊन तुम्हाला आरशात बघावंसं वाटत नसेल, तर ते तुमच्या मनाचं दुबळेपण नव्हे.

मात्र ‘ग्रुपमुळे झालं’ हे म्हणताना एक सावधगिरी. २००७ मध्ये क्रिस्टाकिस आणि फाउलर यांनी फ्रॅमिंगहॅमच्या १२,०६७ लोकांच्या ३२ वर्षांच्या नोंदी वापरून दाखवलं की मित्र लठ्ठ झाला तर आपणही लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते. जगभर मथळे झाले. पुढच्याच वर्षी कोहेन-कोल आणि फ्लेचर यांनी त्याच धर्तीचं गणित मुरुमं, डोकेदुखी आणि उंची यांना लावलं, तर त्याही मित्रांकडून ‘पसरताना’ दिसल्या! मित्राची उंची आपल्याला लागत नाही, हे सांगायला पीएच.डी. लागत नाही. मुद्दा असा की आपण आपल्यासारख्यांशीच मैत्री करतो आणि एकाच वातावरणात राहतो. संसर्ग, समान निवड आणि समान परिस्थिती या तिन्हींना वेगळं करणं फार कठीण आहे. दोन्ही पेपर एका बैठकीत वाचा. पद्धतीशास्त्राच्या आठवडाभराच्या लेक्चरांपेक्षा जास्त शिकाल, असं माझं मत.

आता ते उरलेलं अर्धं उत्तर.

अमेरिकेत या सगळ्यातून एक उपाय निघाला : असं बोलणं बंद करा. २००८ पासून तिथे कॉलेजांत ‘फॅट टॉक फ्री वीक’ पाळला जाऊ लागला. हेच आपल्याकडे आणून “डाएटचा विषय काढायचा नाही” असा नियम ग्रुपमध्ये करावा का? मला वाटतं, तसा नियम आपल्याकडे टिकणार नाही, आणि टिकूही नये. कारण आपल्या गप्पांचा निम्मा भाग दिसण्याबद्दलचा नसतोच. तो शुगरबद्दलचा असतो. बाबांचं एचबीएवनसी किती आलं, आईला गोळी चालू झाली, मला पीसीओडी निघालं, डॉक्टर म्हणाले वजन कमी कर. ही भीती खोटी नाही.

यासाठी पुण्याचं संशोधन बघा. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक पानभर लेख आला होता. दोघांचा फोटो शेजारी शेजारी. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. लेखात त्यांनी मिश्कीलपणे लिहिलंय की दुसरे लेखक मॅरेथॉन धावतात, तर पहिल्या लेखकाचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत गाठणं. सॅम्पल दोनचं, म्हणून हसू नका. याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुलं यांचा जो अभ्यास चालवला, त्यात जन्माला येणारी बाळंसुद्धा दिसायला किडकिडीत पण त्यामानाने चरबी राखून असलेली आढळली. म्हणून तर आशियाई लोकांसाठी धोक्याची पातळी बीएमआय २५ ऐवजी २३ पासून धरायची सूचना आली.

याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही आपल्या विषयाला लागू आहेत. एक, आपल्याकडे खाण्यापिण्याबद्दल बोलणं ही चैन किंवा नखरा नाही. दोन, नुसतं बघून कोण निरोगी हे कळत नाही. त्यामुळे “बारीक झालीस, मस्त!” या वाक्यात आरोग्याची माहिती जवळपास शून्य असते. बारीक झालेली मुलगी कदाचित टायफॉइडमधून उठली असेल. कदाचित तिचं घरी काही बिनसलं असेल.

आणि आपला जिल्हा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याआधी हा सगळा ठाणे जिल्हा, आणि १९९२-९३ मध्ये याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे कुपोषणाने झालेले बालमृत्यू देशभर गाजले होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के जास्त वजनाच्या आणि १८.७ टक्के कमी वजनाच्या आढळल्या. हे दोन आकडे आमच्याकडे एकाच बाकावर बसतात. जव्हारकडून येऊन पालघरला शिकलेली एक मुलगी मला म्हणाली होती, “सगळ्या मला म्हणतात तू लकी आहेस, कितीही खा, तुला काही होत नाही. माझं हिमोग्लोबिन आठ आहे हे कोणाला सांगू?” डाएटच्या गप्पांत अशी मुलगी कुठे बसते, यावर अमेरिकन पेपरांत काही सापडणार नाही. त्यांचं सॅम्पल तसं नव्हतंच.

म्हणजे करायचं काय? संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर आधी चल नीट बांधा. ‘डाएटच्या गप्पा’ हे एक चल नाही. त्यात निदान चार वेगळ्या गोष्टी गुंडाळलेल्या आहेत. स्वतःच्या शरीराला नावं ठेवणं. दुसऱ्याच्या शरीरावर किंवा ताटावर शेरा मारणं. आजाराची, रिपोर्टची चिंता. आणि भूक. यातलं नक्की काय झालं की तुम्हाला भेटीनंतर उदास वाटतं? आठवडाभर मनातल्या मनात नोंद ठेवा. बहुतेकींना कळतं की त्रास दुसऱ्या प्रकाराचा आहे, थोडा पहिल्याचा. रिपोर्टच्या गप्पांनी कोणाची मैत्री तुटत नाही, उलट घट्ट होते.

ही विभागणी माझ्या सोयीची नाही, तिला आधार आहे. मिनेसोटाच्याच जेरिका बर्ज यांच्या गटाने २०१३ मध्ये पालक आणि किशोरवयीन मुलं यांच्यातलं बोलणं तपासलं. जिथे पालक वजनाबद्दल बोलत होते, तिथे मुलांमध्ये उपाशी राहणं, जेवणानंतर उलट्या काढणं असे घातक प्रकार जास्त होते. जिथे बोलणं वजनाबद्दल न होता पौष्टिक खाण्याबद्दल होतं, तिथे ते कमी होते. हाही सहसंबंधच, कारण नव्हे. तरी वजनाचं बोलणं आणि अन्नाचं बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी मोजायच्या, हे त्यातून शिकावं.

एकदा प्रकार कळला की उत्तर शोधणं सोपं. ताटावर शेरा आला तर पोषणशास्त्राच्या वादात उतरू नका. “भात खातेस? अजून?” याला ग्लायसेमिक इंडेक्सने उत्तर दिलंत की पुढचा अर्धा तास गेला. “हो गं, मला आवडतो. तुझ्या आईचं ऑपरेशन कसं झालं?” एवढं पुरे. पुन्हा पुन्हा झालं तर बाजूला घेऊन, ग्रुपवर नाही, सरळ सांगा : “तू तुझं कर, मला कौतुक आहे. फक्त माझ्या ताटाबद्दल नको बोलूस.” मोठ्या माणसांशी असं बोलता येत नाही, हे मला माहीत आहे. काकूंना “माझ्या ताटाबद्दल बोलू नका” म्हटलं तर तो वेगळाच विषय होईल. तिथे “हो काकू, बघते” म्हणून वाढून घ्यायचं.

मैत्रीण स्वतःला नावं ठेवायला लागली की आपण लगेच “छे, तू कुठे जाडी” म्हणतो. तो विधीचाच पुढचा भाग आहे, आणि त्याने विधी लांबतो. त्याऐवजी विचारा, “काय झालं? कोणी काही बोललं का?” बऱ्याचदा कोणीतरी बोललेलं असतं. स्थळ बघायला आलेल्यांपैकी कोणी, नाहीतर ऑफिसातलं कोणी. मग बोलणं वजनावरून निघून खऱ्या जागी येतं. एरिक स्टाइस आणि कॅरोलिन बेकर यांनी रुजवलेल्या ‘बॉडी प्रोजेक्ट’ या कार्यक्रमाचं तत्त्वही याच्या जवळचं आहे. त्यात कोणी व्याख्यान देत नाही. बारीक असण्याच्या आदर्शाची किंमत काय मोजावी लागते, हे मुली स्वतःच्या तोंडाने, चारचौघींत सांगतात. आपण जे आपणहून मोठ्याने बोललो त्याच्याशी मन जुळवून घेतं, हा फेस्टिंगर यांचा १९५७ चा संज्ञानात्मक विसंगतीचा सिद्धांत. यादृच्छिक चाचण्यांत टिकलेल्या थोड्या प्रतिबंधक कार्यक्रमांपैकी हा एक. ग्रुपमध्ये त्याची छोटी आवृत्ती म्हणजे प्रश्न : “एवढं सगळं केलंस, त्यात तुला सुटलेलं काय आठवतं?” उत्तर तिला देऊ दे.

इथे एक आपल्याकडची गोष्ट, जी मला कुठल्याच पेपरात सापडली नाही. आपल्याकडे उपास आहे. “आज माझी चतुर्थी” एवढं म्हटलं की कोणी आग्रह करत नाही, कोणाला अपमान वाटत नाही, आणि मुख्य म्हणजे शेजारी बसून वडे खाणारीला आपल्याला कोणी जोखतंय असं वाटत नाही. उपास स्वतःपुरता असतो. (साबुदाण्याच्या खिचडीत कॅलरी किती हा प्रश्न तूर्त बाजूला. एकादशी आणि दुप्पट खाशी.) डाएटला आपण ही शिस्त अजून दिलेली नाही. न खाण्याचं कारण न सांगता न खाणं, आणि ते कारण समोरच्याने न विचारणं, हे आपल्याला येतं. पिढ्यान् पिढ्या येतं. डाएट करणाऱ्या मैत्रिणीलाही तेच द्यावं : तिला केक घे म्हणून छळू नका, तिने कारणं देत बसायची गरज ठेवू नका. तिला कारण द्यावं लागतं म्हणूनही ती इतकं बोलते.

भेटीची जागाही बदलून बघा. हॉटेलात टेबलाभोवती बसलं की विषय ताटाचाच निघणार. केळव्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनातून चालताना तो कमी निघतो.

एका ठिकाणी मात्र हे हळुवारपण सोडावं लागतं. मैत्रीण चारचौघांत जेवायचं टाळायला लागली, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जायला लागली, पाळी थांबली, चक्कर येऊन पडली, वजन झपाट्याने उतरत असूनही स्वतःला जाडीच म्हणत राहिली, तर ते डाएट राहिलेलं नाही. खाण्याचे विकार हे मानसिक आजार आहेत आणि त्यांतले काही जिवावर बेततात. तेव्हा ग्रुपमध्ये चर्चा नको, विनोद तर नकोच. एकटीला गाठा, काय दिसलं ते तारखेसकट सांगा, वजनाबद्दल एक शब्द न काढता. घरच्या एका विश्वासू माणसाला सामील करून घ्या आणि डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. काय बोलावं हे सुचत नसेल तर आधी तुम्ही स्वतःच फोन करून विचारू शकता.

ज्यांना या विषयात पुढे काम करायचंय त्यांच्यासाठी शेवटी थोडं. फॅट टॉक मोजायच्या प्रश्नावल्या इंग्रजीत आहेत, अमेरिकन मुलींवर बेतलेल्या. त्यांचं नुसतं भाषांतर करून पालघरमध्ये वाटू नका. ‘बारीक झालीस’ हे आपल्याकडे कधी कौतुक असतं, कधी काळजी असते. आजी म्हणते तेव्हा ती रागावलेली असते. आधी महिनाभर नुसतं ऐकायला हवं, मग मुलाखती, मग प्रश्नावली. लोकलच्या लेडीज डब्यातलं बोलणं गुपचूप टिपून घेणं मोहाचं आहे, पण संमतीशिवाय ते चालणार नाही. एथिक्स कमिटीला अर्ज करताना हेही लिहावं लागेल की तुमच्या प्रश्नांमुळेच कोणाचा त्रास वाढला तर तुम्ही तिला कुठे पाठवणार. आणि सॅम्पल घेताना बोईसरच्या कंपन्यांवर थांबू नका, जव्हार-मोखाड्याकडून येणाऱ्या मुली त्यात असू द्या. चार प्रकारांची जी विभागणी मी वर केली, ती तिथे टिकते का, की तिथे पाचवा आणि सहावा प्रकार निघतो, हे कोणीतरी तपासायला हवं.